मांजराला घरात कसे करमेल?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगावी अशा व्यासपीठांवरून समाजसुधारणा, अर्थकारण, इतिहास, तत्त्वज्ञान असे थोर थोर विषय बोलले गेले. त्याच परंपरेतल्या या व्यासपीठावर आज आम्ही मांजराविषयी बोलणार आहोत. आपल्या चिटणीसांनी पत्र पाठविले तेव्हा आमच्याकडून कामगार चळवळीवर काहीतरी ऐकावे अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही उलट टपाली कळविले की, त्या विषयावर आम्ही तीस वर्षे बोलत आलो आहोत; गेल्या दोन वर्षांत आम्हांला नवा धडा जर कोणी शिकविला असेल तर तो एका बोक्याने. चिटणीस मोठ्या मनाचे, त्यांनी हा विषय मान्य केला.

आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. वडील गिरणीत साचेवाले होते. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. पुढे काय झाले ते आपण जाणताच. वडील पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत, आणि तीन वर्षांनी आम्हांला शाळा सोडून कामाला लागावे लागले. नंतर जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा आज जे सांगू त्यात पंडिताचा अधिकार नाही. थोडे वाचलेले, थोडे पशुवैद्यांना विचारलेले आणि बरेचसे स्वतः चुकून शिकलेले, असा हा ऐवज आहे.

आमची चाळ परळ भागातली. तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या आणि समोरून जाणारी लांबलचक गॅलरी. या चाळीत एक पिवळा पट्टेदार बोका होता. त्याचे नाव मुकादम. पहाटे नळाला पाणी आले की तो तळमजल्यावर हजर असे. तिथून जिना चढून एकेका मजल्याची पाहणी करी, कोणाच्या उंबऱ्यावर घटकाभर टेके, मासे साफ करण्याच्या वेळी बरोबर त्या दाराशी पोचे, दुपारी गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत झोपे आणि रात्री जेवायला आमच्या खोलीत येई. कामावर देखरेख फार आणि हाताने काम काही नाही, म्हणून ते नाव पडले. चाळीतल्या पोरांनी वर्गणी काढून त्याचे खच्चीकरण करून घेतले होते, त्यामुळे मारामाऱ्या आणि दूरदूरची भटकंती कमी झाली होती. पण मालक असा त्याला कोणी नव्हता. सारी चाळच त्याची होती.

मग चाळ पाडून तिथल्या रहिवाशांना उंच इमारतीत घरे देण्याचे ठरले. आमच्या वाट्याला अकरावा मजला आला. चाळ रिकामी होऊ लागली तशी माणसे भांडी मोजून नेऊ लागली, देव नेऊ लागली, जुने पत्रेसुद्धा नेऊ लागली. मांजरे मात्र मागे राहिली. 'मांजर काय, सात घरे फिरणारे जनावर, कुठेही जगेल,' असे सगळे म्हणत. ही समजूत खरी नव्हे. सात घरे फिरविते ती मांजरी आपल्या पिलांना, आणि तेही त्यांच्या जिवाच्या भीतीने. मोठे झालेले मांजर आपल्या हद्दीला घट्ट धरून असते. इमारत पडू लागली तरी ते ढिगाऱ्याभोवती फिरत राहते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा आपला १९६० चा कायदा तर असे सांगतो की, भूक-तहान लागून हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून जाणे हा अपराध आहे. आमच्या मातोश्रींना कायदा ठाऊक नव्हता, पण त्यांनी साफ सांगितले, "मुकादम येणार नसेल तर मीही येत नाही." तेव्हा मुकादमला न्यायचे ठरले.

आता आमच्या हातून काय घडले ते ऐका. सामानाचा टेम्पो खाली उभा होता. आम्ही मुकादमला मानगुटीला धरून बाजाराच्या पिशवीत कोंबले, तोंड सुतळीने बांधले आणि अकराव्या मजल्यावर नेऊन सोडले. दार लावून घेतले. आमच्या मते काम झाले होते.

मुकादम फ्रिजच्या मागे जो शिरला तो दोन दिवस बाहेर आला नाही. अन्नाला तोंड लावले नाही. तिसऱ्या रात्रीपासून दाराशी बसून रडू लागला. ते रडणे ऐकून शेजारचे गृहस्थ तक्रार घेऊन आले. आम्ही वर्तमानपत्राची सुरळी करून त्याच्या अंगावर खेकसलो. मग त्याने आमच्या गादीवरच लघवी केली. आम्ही त्याला न्हाणीघरात कोंडले. सहाव्या दिवशी तो मोरीच्या कोपऱ्यात पुनःपुन्हा बसे, कुंथे आणि ओरडे. आम्हांला वाटले बद्धकोष्ठ असेल, एरंडेल द्यावे. मातोश्री म्हणाल्या, "अरे, त्याची मोरी सकाळपासून कोरडी आहे. डॉक्टरकडे ने."

पशुवैद्यांनी पोटाला हात लावताच सांगितले की मूत्रमार्ग तुंबला आहे. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. तो बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्यांनी नळी घालून मार्ग मोकळा केला आणि मुकादम वाचला. या रोगाला कारणे अनेक असतात, पण भीती आणि मनावरचा ताण हे त्यांतले एक मोठे कारण आहे, असे त्यांनी समजावून दिले. मग आम्हांला विचारले, "काका, तुम्ही याला आणण्याआधी याची काही तयारी केली होती का?"

श्रोतेहो, या प्रश्नाने आम्ही खाली पाहिले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ म्हणून एक कलम होते. कामाचे तास, पाळ्या, वेतन अशा ठरलेल्या बाबींत मालकाला कामगाराच्या विरुद्ध जाणारा बदल करायचा असेल, तर त्याने २१ दिवस आधी नोटीस दिली पाहिजे, असे त्यात ठेवले होते. या २१ दिवसांसाठी आम्ही किती फाटकांपुढे उभे राहिलो, किती साहेबांशी भांडलो! आणि ज्या जिवाच्या साऱ्या आयुष्याच्या अटी आम्ही एका दुपारी बदलल्या, त्याला एका तासाचीही नोटीस दिली नव्हती. दार बंद करण्याची सत्ता आमच्या हाती होती, म्हणून आम्ही ते बंद केले. एवढेच आमचे समर्थन होते.

त्यानंतर आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. आपल्या गावातही आता वाडे पडून मजल्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत. अंगणातले मांजर सदनिकेत न्यावे लागण्याचा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांवर येईल. म्हणून जे कळले ते सांगतो.

प्रथम मांजर म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. सायप्रस बेटावर शिलूरोकाम्बोस येथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. त्यात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले होते. २००४ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली. माणूस धान्य साठवू लागला, धान्यावर उंदीर आले आणि उंदरांच्या मागे मांजर आले. बैलाला आपण जुंपले, कुत्र्याला राखणीला बांधले. मांजर मात्र आपल्या पायांनी आले आणि येण्याजाण्याची मोकळीक राखून राहिले. त्याला सदैव घरात ठेवण्याची चाल अलीकडची आहे. १९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो यांनी मांजराच्या शौचासाठी वाळूऐवजी ओल शोषणारी दाणेदार माती विकायला आणली. तिथून ही चाल सोपी झाली. म्हणजे हजारो वर्षांची सवय आणि जेमतेम पाऊणशे वर्षांची सोय, असा हा सामना आहे.

दार लावल्याने मांजराचे काय काय जाते? त्याची हद्द जाते. मांजर गाल घासून, नखे ओरखडून आपला वास जागोजागी ठेवते आणि त्या वासावरून हे ठिकाण आपले आहे हे ओळखते. नव्या घराला त्याचा वासच नसतो. त्याची शिकार जाते, म्हणजे दिवसभराचा उद्योग जातो. उंचावरून टेहळणी करण्याची जागा जाते. उकरायला माती जाते. वर नवे आवाज अंगावर येतात. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६०,००० च्याही पुढचा येतो. लिफ्टची यंत्रे, शेजारी चाललेले ड्रिल, प्रेशर कुकर, हे सारे त्याच्या कानी कसे आदळत असेल याची कल्पना करावी. जे जे काढून घेतले त्याच्या बदल्यात त्याच जातीचे काही दिले पाहिजे. केवळ पोटाला दिले की भागले, हा हिशेब मालकांचा. तो आपण घरात चालवू नये.

आता कृती. शक्य असेल तर मांजर घरात घेण्याची सुरुवात एक-दोन महिने आधी करावी. ठरल्या वेळी घरातच खायला द्यावे. प्रथम दार उघडे असू द्यावे, मग ते खात असताना लोटावे, मग तासभर, मग रात्रभर. याच काळात पशुवैद्यांना दाखवून रेबीजची आणि इतर लस टोचून घ्यावी, जंतांचे औषध द्यावे आणि खच्चीकरण झाले नसेल तर ते करावे. न्यायच्या आधी आठवडाभर पेटी उघडी ठेवावी, आत खाऊ ठेवावा, म्हणजे ते आपणहून आत जाऊन बसते. पिशवी आणि सुतळी वापरू नये.

नव्या घरी सारे घर एकदम त्याच्या पुढ्यात टाकू नये. एकच खोली द्यावी. तिच्या एका कोपऱ्यात पाणी आणि अन्न, दुसऱ्या टोकाला शौचाचे पात्र, आणि लपायला जागा. लपणे हा हट्ट नव्हे, तो त्याचा आधार आहे. नेदरलँड्समधल्या एका प्राणी-आश्रयगृहात संशोधकांनी नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोके दिले, काहींना दिले नाही. खोके मिळालेली मांजरे लवकर सावरली, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात आहे. खोक्याला पैसा पडत नाही. किराणा दुकानातले पुठ्ठ्याचे खोके पुरे. मांजर बाहेर येऊन खाऊ लागले, अंग चाटू लागले, गाल घासू लागले की मग दुसरी खोली दाखवावी. याला कोणाला चार दिवस लागतात, कोणाला महिना.

शौचाला आम्ही बांधकामावरचे प्लास्टिकचे घमेले घेतले आणि त्यात चाळलेली वाळू घातली. बाहेरच्या मांजराला मातीची सवय असते. सुरुवातीला वाळूत त्याच्या ओळखीची थोडी माती मिसळली तर त्याला लवकर उमगते. मांजरे जितकी असतील त्याहून एक पात्र जास्त ठेवावे आणि रोज साफ करावे. मैला काढल्यावर हात साबणाने धुवावेत. घरात गरोदर बाई असेल तर तिने ते काम करू नये. बाहेर लघवी झाली तर मांजराला मारू नये. मार आणि अपराध यांची सांगड त्याच्या डोक्यात बसत नाही, मारणारा माणूस मात्र लक्षात राहतो.

उद्योगासाठी रोज दोनदा, दिवेलागणीला आणि पहाटे, दहा-पंधरा मिनिटे खेळवावे. मांजराच्या अंगातली शिकार याच दोन वेळांना जागी होते. काठीला दोरी आणि तिला चिंधी बांधून ती उंदरासारखी पळवावी, शेवटी ती त्याला धरू द्यावी आणि लगेच खायला द्यावे. शिकार, भोजन, मग अंग चाटणे आणि झोप, हा त्याचा क्रम आहे. रात्रीचे रडणे याने पुष्कळ कमी होते. खेळ संपल्यावर दोरी उचलून ठेवावी, कारण गिळलेली दोरी आतड्यांत अडकून जीव घेते. नखांसाठी फळीला गोणपाट किंवा काथ्या घट्ट गुंडाळून ती भिंतीला उभी टेकवावी. मांजराला पूर्ण ताणून उभे राहता येईल इतकी ती उंच असावी. कपाटावर जायला वाट करून द्यावी.

खिडक्यांविषयी निक्षून सांगतो. 'मांजर कुठूनही पडले तरी चार पायांवर पडते' या भरवशावर राहू नये. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात पाच महिन्यांत इमारतींवरून पडलेली १३२ मांजरे आली, त्यांची हकीकत दोघा पशुवैद्यांनी १९८७ मध्ये छापली. उपचार झालेल्यांपैकी नव्वद टक्के वाचली, हा आकडा लोक कौतुकाने सांगतात. पण छाती, जबडा, पाय मोडून वाचली हे सांगत नाहीत. आणि जी जागीच मेली ती रुग्णालयात आणणार कोण? लोखंडी गजांतून मांजर सहज निसटते. खिडकीला आतून पक्की जाळी बसवून घ्यावी, आणि ती बसेपर्यंत खिडकी लावलेली असावी.

घरातली काही विषेही सांगून ठेवतो. आपण तापावर घेतो ती पॅरासिटॅमॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते. कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातल्या पेशी नासवितात. फिनेल आणि डांबराच्या गोळ्या त्याच्यापासून दूर ठेवाव्यात. फरशी पुसून ते पाय चाटते हे विसरू नये. फुलदाणीत लिली ठेवू नये, तिने मूत्रपिंडे जातात. दूध हे मांजराचे अन्न अशी आपली जुनी समजूत आहे, पण मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना ते पचत नाही. पाणी भरपूर हवे. बिनमिठाची उकडलेली मासळी किंवा कोंबडी चालते. रोजचे सारे पोषण त्यानेच होईल असे नाही, ते पशुवैद्यांना विचारून ठरवावे. दोन दिवस अन्न घेतले नाही, किंवा लघवीला बसून थेंबही आला नाही, तर सकाळची वाट पाहू नये.

इथे कोणी विचारील, एवढा खटाटोप करण्यापेक्षा मोकळे सोडलेले काय वाईट? प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घराला अंगण आहे, मागे शेत आहे, रस्ता लांब आहे, त्याच्या मांजराला दाराआड घालण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही. पण अकराव्या मजल्याखाली आठ पदरी रस्ता असेल तर मोकळीक म्हणजे चाकाखाली जाण्याची मोकळीक. घरातल्या मांजराला गाड्या, कुत्री आणि रोगराई यांपासून अभय मिळते, पाखरांनाही त्याच्यापासून मिळते. आमचे म्हणणे इतकेच की, अभय देतो म्हणून बाकीचे हक्क बुडविण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

मुकादमचे पुढे काय झाले? दवाखान्यातून आणल्यावर आम्ही त्याला एक खोली दिली, खोके दिले, घमेले दिले. तरी तो खोक्यात जाईना. एके दुपारी मातोश्रींनी ट्रंकेतून चाळीतली जुनी गोधडी काढली. नव्या घरात नको म्हणून आम्ही ती टाकून देणार होतो. त्यांनी ती न धुता लपवून आणली होती. ती त्यांनी खोक्यात अंथरली आणि म्हणाल्या, "अरे, तू त्याला सगळं नवंनवं देतोस. त्याला इथं करमत नाही रे. त्याला ओळखीचं काहीतरी हवं." मुकादमने गोधडी हुंगली, तिच्यावर चारदा पाय रोवले आणि गोल होऊन झोपला. खच्चून भरलेल्या वाचनालयातून आम्ही जे शोधत होतो ते ट्रंकेत होते.

त्या रात्री आमच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. मातोश्रींचे वय ब्याऐंशी. साठ वर्षे त्यांनी गॅलरीत बसून भाजी निवडली, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारली. नव्या घरात सहा महिने त्या पलंगावर बसून होत्या. जेवण कमी झाले होते, बोलणे कमी झाले होते. आम्ही त्याला वय म्हणत होतो. बोक्याला पशुवैद्यांकडे नेले, वाचनालये पालथी घातली. आईला मात्र एकदाही विचारले नव्हते की, तुला इथे करमते का?

दुसऱ्या दिवशी विचारले. त्या म्हणाल्या, "दार सारखं बंद असतं. कोण आलं, कोण गेलं, काही कळत नाही." तेव्हा आम्ही मुख्य दाराच्या बाहेरच्या बाजूस पोलादी जाळीचे दुसरे दार बसवून घेतले. आता संध्याकाळी आतले दार उघडे असते. जाळीशी खुर्ची टाकून मातोश्री भाजी निवडतात, लिफ्टमधून उतरणाऱ्यांची चौकशी करतात. खुर्चीखाली मुकादम बसून साऱ्या मजल्यावर देखरेख करतो. तक्रार घेऊन आलेले ते शेजारीही आता जाळीशी दोन मिनिटे थांबतात. मुकादम अजून कधी कधी पहाटे नळाच्या वेळी उठून दाराकडे जातो, थोडा वेळ ऐकतो आणि परत येतो. ते आमच्याने भरून देता आलेले नाही, आणि ते भरून दिले असे आम्ही सांगणार नाही.

तेव्हा, श्रोतेहो, आपल्यापैकी जो कोणी मुक्या किंवा बोलत्या जिवाला आपल्या सोयीसाठी नव्या घरी नेईल, त्याने आधी नोटीस द्यावी, जे घेतो त्याचा बदला द्यावा, आणि दार लावल्यावर तिथे करमते की नाही हे रोज पाहावे.